फोटोवाल्याची ‘लूट’ आणि आपला हिशेब

लग्नाच्या फोटोग्राफरबद्दलची तीन वाक्ये आपल्याकडे आता म्हणींसारखी पाठ झाली आहेत. एक, ‘एका दिवसाचे लाखभर रुपये घेतात.’ दोन, ‘हल्ली मोबाईलवरसुद्धा तसेच फोटो निघतात.’ तीन, ‘बटण दाबण्यापलीकडे त्यात आहे काय?’ ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नसतात. त्यांतले बरेच जण मुलीचे किंवा मुलाचे वडील असतात, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून बसलेले असतात. लग्नातला जो खर्च खाता येत नाही, अंगावर घालता येत नाही आणि पाहुण्यांना लगेच दाखवता येत नाही, त्याच्यावर त्यांचा राग निघतो. राग समजण्यासारखा आहे. हिशेब मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीपायी नुकसान त्यांचेच होते.

मी फोटोग्राफर नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या काही फोटोग्राफरांची करविवरणपत्रे भरतो, त्यांच्या वह्या बघतो. चित्रातली गंमत मला बेताचीच कळते. खर्चाचे पान मात्र कळते. तेव्हा त्या पानावरूनच बोलतो.

आधी ‘एका दिवसाचे लाखभर’. आमच्या भागात हळद आणि लग्न मिळून एक लाख वीस हजारांचे काम घेणारा मधल्या दर्जाचा एखादा स्टुडिओ धरू. लग्नात एकटा माणूस कॅमेरा गळ्यात अडकवून येत नाही. ट्रॅडिशनल फोटो काढणारा एक असतो. स्टेजवर आहेर घेऊन येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या कॅमेऱ्यात यावा लागतो. ट्रॅडिशनल व्हिडिओवाला दुसरा, कॅन्डिड काढणारा तिसरा, सिनेमॅटिकवाला चौथा, आणि लग्नाच्या दिवशी ड्रोन उडवणारा पाचवा. सहसा ही सगळी माणसे स्टुडिओच्या पगारावर नसतात. ती फ्रीलान्सर असतात, आपापला कॅमेरा घेऊन रोजावर येतात. ट्रॅडिशनलवाल्यांना दिवसाला चार-चार हजार, कॅन्डिड आणि सिनेमॅटिकवाल्यांना दहा-दहा हजार, ड्रोनला सात हजार असा भाव धरा. शहर बदलले की हे आकडे वरखाली होतात, पण प्रमाण साधारण असेच राहते. दोन दिवसांची बेरीज होते 63 हजार. चाळीस शीटचा एक करिझ्मा अल्बम, डिझाईनसह, चौदा हजार. हायलाइट आणि पूर्ण लग्नाचे मिक्सिंग आणखी चौदा हजार. गाडी, हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, किरकोळ मिळून पाच हजार. झाले 96 हजार.

उरलेले चोवीस हजार पाहून कुणी म्हणेल, ‘बघा, निघालेच की!’ जरा थांबा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी सक्तीची होते, आणि फोटोग्राफीवर कर आहे 18 टक्के. असली पंचवीस कामे केली की उलाढाल तीस लाख होते. ग्राहकाने ‘सगळे मिळून एक लाख वीस’ म्हणून आकडा बांधून घेतलेला असला, तर त्यातले 18 हजार 300 रुपये कराचे. चोवीस हजारांतून ते गेले की साडेपाच-पावणेसहा हजार राहतात. खरेदीवर भरलेल्या करातले थोडे परत मिळते. पण रोजावर आलेल्या पोरांची नोंदणी नसते, त्यामुळे खर्चाच्या सगळ्यात मोठ्या रकमेवर काहीच परत मिळत नाही. मालक कॅन्डिड स्वतः काढत असेल तर त्याचे वीस हजार घरात राहतात, आणि तीच खरी त्याची कमाई.

पंचवीस कामांचे हे झाले साडेसहा लाखांच्या आतबाहेर. महिना दहा हजारांचा गाळा धरला तर वर्षाचे एक लाख वीस हजार भाड्यात गेले. दोन कॅमेरे, तीन बऱ्या लेन्सा, फ्लॅश, एडिटिंगचा कॉम्प्युटर मिळून आठ लाखांचा ऐवज पाच वर्षांत जुना होतो, म्हणजे वर्षाला एक लाख साठ हजारांची झीज. माझ्या वहीत तळाला महिन्याचे तीस हजार उरतात. बारशी, साखरपुडे, शाळांची स्नेहसंमेलने यांतून वर काही सुटते, हे खरे. मोठ्या शहरांतले नावाजलेले लोक यापेक्षा कितीतरी जास्त मिळवतात, हेही खरे. पण ज्याला तुम्ही बैठकीत लुटारू म्हणता, तो बहुतेक वेळा हा तीस हजारवाला असतो.

पंचवीसच कामे का, असेही विचारले जाते. कारण लग्न पंचांगावर चालते. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, पौषात नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर जी गर्दी उसळते ती आषाढाच्या तोंडाशी संपते. त्यातही मुहूर्ताच्या ज्या तारखा चांगल्या, त्या सगळ्यांनाच हव्या असतात. रविवारचा मुहूर्त असला की एका तारखेला पाच घरांचे फोन येतात. एक घेता येतो, चार सोडावे लागतात, आणि पुढचे बारा दिवस रिकामे जातात. 2024 सालच्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त आला आणि ऐन हंगामातले नेहमीचे मुहूर्त आटले. मंगल कार्यालयवाल्यांचे हाल पेपरात आले. फोटोग्राफरांचे मी त्यांच्या वह्यांत पाहिले. कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता शुक्र उगवायची वाट पाहत नाही.

आता येतो घासाघिशीकडे, कारण खरे नुकसान तिथे होते. भाजीवालीशी घासाघीस केली तर भाजी तीच राहते आणि भाव उतरतो. इथे भाव उतरला की खालचे सामान बदलते. एक लाख वीस हजारांचे काम ‘ऐंशीत करा, आपल्याच घरचे समजून’ असे म्हटल्यावर फोटोग्राफर मान डोलावतो आणि तुम्ही विजयी मुद्रेने घरी जाता. तो चाळीस हजार कुठून कापतो? अल्बमची पाने कापली तर तुम्हाला मोजता येतात. ड्रोन नाही आणला तर पोरे ओरडतात. म्हणून तो तुम्हाला न दिसणारे कापतो. दहा हजारांच्या अनुभवी माणसाऐवजी गेल्या दिवाळीत कॅमेरा घेतलेला, अडीच हजारांत येणारा पोरगा पाठवतो. फोटो एकेक करून रंगवायचे सोडून सगळ्यांवर एकच रंग चढवतो. मग हळदीतला पिवळा आणि शालूतला हिरवा दोन्ही सारखेच मळके दिसतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो प्रती ठेवणे सोडतो.

यावर जरा थांबतो, कारण हे फार थोड्या लोकांना माहीत असते. चांगल्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डाचे दोन खाचे असतात. दोन्हींत कार्डे घालून प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर लिहून घेता येतो. एक कार्ड बसले तरी दुसऱ्यावर लग्न शाबूत असते. 2018 साली आलेल्या सोनीच्या ए-सेव्हन थ्रीमध्ये असे दोन खाचे होते. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या ईओएस आर आणि निकॉनच्या झेड सिक्समध्ये एकच होता. ते कॅमेरे अजूनही बाजारात जुन्यात फिरतात आणि स्वस्तातल्या टीममध्ये हमखास असतात. लग्न उरकल्यावर त्याच रात्री सगळा माल दोन वेगवेगळ्या डिस्कांवर उतरवायचा असतो. कॅन्डिडचे तीन हजार फोटो, प्रत्येक रॉ फाईल चाळीसेक एमबीची, म्हणजे नुसते फोटोच सव्वाशे जीबीच्या घरात. व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट. हे सगळे उतरवायला रात्र जाते, डिस्का विकत घ्याव्या लागतात, आणि त्याचे पैसे कुठल्याही कोटेशनवर वेगळे लिहिलेले नसतात.

माझ्या एका क्लायंटच्या वहीत ‘परत दिले, 45,000’ अशी एक नोंद आहे. मी विचारले, हे काय? हळदीचे एकुलते एक कार्ड वाचता येईना. डेटा काढून देणाऱ्याकडे नेले, तिथेही अर्धेच निघाले, आणि त्यात नवऱ्या मुलीची आजी एकाही फोटोत नव्हती. त्या आजी पुढे वर्षभरातच गेल्या. त्या घराने तेवढे पैसे परत घेतले आणि वर एक शब्द बोलले नाहीत. तो म्हणाला, शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या कामाचा मूळ आकडा मी वर पाहिला. बैठकीत तीस हजार पाडून घेतलेले होते. यात दोष फोटोग्राफरचाच, तो मी झाकत नाही. एवढे कमी झाल्यावर त्याने काम सोडायला हवे होते. पण ते तीस हजार कुठून आले, हे ज्यांनी पाडून घेतले त्यांनाही कळायला हवे.

‘मोबाईलवर निघतात की’ याला फार उत्तर द्यायची गरज नाही. निघतात, आणि सुरेख निघतात, भर दुपारी अंगणात. कार्यालयातल्या लाल-निळ्या एलईडीखाली, पाहुण्यांच्या डोक्यांवरून, भटजींचा हात मध्ये येत असताना किती निघतात ते गेल्या लग्नातले तुमचेच फोटो काढून बघा. शेवटच्या मंगलाष्टकाचे शेवटचे अक्षर संपते, वाजंत्री एकदम सुरू होते, अंतरपाट बाजूला होतो, अक्षतांचा मारा सुरू होतो आणि दोघे पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. हे सारे दोन-तीन सेकंदांचे. त्या क्षणी वीस मोबाईलवाले हात वर करतात आणि एकमेकांचे मोबाईल टिपतात. अक्षता टाकायला हात मोकळे असलेला माणूसच तिथे शोधावा लागतो. सराईत फोटोग्राफर मंगलाष्टके चालू असतानाच कुठे उभे राहायचे ते ठरवतो, नवरीचे मामा कुठे आहेत ते बघतो, भटजींना हळूच सांगून ठेवतो. ‘बटण दाबणे’ याचे उत्तरही त्यातच आले.

इथे विरोधकांची एक तक्रार मला पूर्ण मान्य आहे. स्टेजवर नवरानवरी दिसतच नाहीत, फोटोवाल्यांच्या पाठी दिसतात. पण त्याला जबाबदार कोण? याद्या करताना ‘फोटो-व्हिडिओ ज्याचा त्याने’ असे आपणच लिहितो. कपडे, मानपान, रुखवत यांवर तासभर खल होतो आणि हे एक कलम कुणी उघडत नाही. मग दोन्हीकडच्या दोन टीमा येतात, प्रत्येकीत चार माणसे, एकाच विधीचे आठ कॅमेरे. दोन्ही व्याह्यांनी मिळून एकच चांगली टीम ठरवली आणि खर्च निम्मा-निम्मा वाटला तर दोघांचाही आकडा उतरतो, माणूस अनुभवी मिळतो आणि मागच्या रांगेतल्या मावशीला नवरी दिसते. दर पाडायचाच असेल तर तो इथे पाडा.

फोटोग्राफरांची बाजू मी इतकी मांडली म्हणून त्यांनी टाळ्या पिटू नयेत. लुटीचा आरोप त्यांच्यावर चिकटतो याला त्यांची विकायची तऱ्हाच कारणीभूत आहे. आकडा विचारला की हे ‘सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम’ असा फलक पुढे करतात. गोल्डमध्ये किती माणसे येणार, किती वाजेपर्यंत थांबणार, वरात धरली आहे की नाही, शीट किती आणि वाढीव शीटला काय पडणार, हे विचारले की उत्तर येते, ‘आठवणींची किंमत होत नाही सर.’ होत नसेल तर घेता कशी? आठवणी घरच्यांच्या असतात, त्या तुम्ही विकत नाही. तुम्ही माणसे, तास, शीट आणि एडिटिंग विकता. ते कागदावर लिहा. स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेले पंचवीस निवडक फोटो पंचवीस लग्नांतले असतात, त्यातली काही तर मॉडेल बसवून केलेली शूट असतात. ग्राहकाने मागावे ते एकाच लग्नाचे सगळे फोटो, सकाळच्या देवकापासून गृहप्रवेशापर्यंतचे, आणि शक्यतो आपल्यासारख्याच कार्यालयातल्या लग्नाचे. आणि भेटायला आलेला गोड बोलणारा माणूस स्वतः येणार की रोजावरचा कुणी, ते नावानिशी लिहून घ्यावे. एका तारखेला तीन कामे घेऊन तिन्हीकडे ‘मी जातीने येतो’ सांगणारे माझ्याही क्लायंटांत आहेत. एकाच तारखेच्या तीन पावत्या मला दिसतात.

ड्रोनचेही तसेच. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमवरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते, आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. कार्यालय विमानतळाच्या आसपास असेल तर वेगळीच भानगड. वरातीतल्या गर्दीवर तो पडला तर जबाबदारी कोणाची, हे बुकिंगच्या वेळी विचारणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. सात हजारांच्या त्या घिरट्यांवर मात्र घरातली पोरे अडून बसतात. कापायचेच असेल तर मी आधी ड्रोन कापीन.

आणि आता सगळ्यात गमतीचा गैरसमज, जो दोन्ही बाजूंचा आहे: फोटो कोणाचे? पूर्वी निगेटिव्ह स्टुडिओत राहायच्या. जादा प्रत हवी तर पुन्हा त्याच्याकडेच जावे लागे. त्यातून फोटो त्याच्या मालकीचे अशी सवय पडली, आणि आजही पुष्कळ कोटेशनांच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असे छापलेले असते. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा वेगळेच म्हणतो. मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर उलट करार नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढवून घेणारा असतो. कलम 17 मध्ये हे स्पष्ट आहे. म्हणजे बारीक अक्षरांच्या त्या कागदावर तुम्ही सही केली नसेल तर हक्क तुमचे; केली असेल तर तुम्ही ते आपल्या हाताने दिले. घासाघीस करायला ही किती चांगली जागा! तुमच्या मुलीच्या हळदीचे फोटो जाहिरातीला वापरायचे की नाही, वापरले तर आधी विचारायचे की नाही, हे इथे ठरते. पण पाच हजारांसाठी दीड तास भांडणारे लोक हे कलम वाचतसुद्धा नाहीत. फोटोग्राफरलाही कायद्याने एक गोष्ट ठेवली आहे. हक्क विकला गेला तरी निर्माता म्हणून त्याचे नाव त्याचेच राहते, आणि त्याच्या कामाची बदनामी होईल अशी मोडतोड करता येत नाही. कच्च्या रॉ फाईलींबद्दल मात्र आधी बोलून घ्यावे. त्या आपोआप मिळतील असे गृहीत धरणाऱ्यांचे नंतर वाजते.

बिलाचेही असेच. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ हा संवाद दोघांनाही गोड लागतो. कर सल्लागार म्हणून मला त्यावर काय वाटते ते सांगायला नको, पण ग्राहक म्हणूनही विचार करा. अल्बम दोन वर्षे आला नाही, व्हिडिओत लाजाहोमच नाही, तर जायचे कुठे? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तोच कायदा बिल न देण्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. पण तिथे दाखवणार काय? रोख दिलेले नव्वद हजार आणि व्हॉट्सॲपवरचा ‘ओके दादा’? ज्यांनी अठरा टक्के वाचवले त्यांनी आपला पुरावाही त्याच भावात विकलेला असतो.

राहता राहिली उशिराची तक्रार. ‘वर्ष झाले, अल्बम नाही’ असे ऐकले की मी आता आधी एक प्रश्न विचारतो: सिलेक्शन दिले का? तीन हजार फोटोंतून अल्बमसाठी अडीचशे-तीनशे निवडून द्यायचे काम घरच्यांचे असते. नवे जोडपे पहिल्या महिन्यात फिरायला जाते, दुसऱ्यात नोकरीवर, आणि मग ‘बघू निवांत’ सुरू होते. सासूला आपल्या भावाचे सगळे फोटो हवेत, सुनेला मैत्रिणींचे, आणि पेनड्राइव्ह दिवाणाखाली. पद्धत अशी असते: तीस-चाळीस टक्के विसार, मोठा हिस्सा लग्नाच्या दिवशी, उरलेले अल्बम हातात आल्यावर. सिलेक्शन आले नाही की अल्बम नाही, अल्बम नाही की शेवटचा हप्ता नाही. दर मार्चअखेर मी त्यांच्या वह्यांत ‘येणे बाकी’चे पान उघडतो तेव्हा त्यावर लग्नघरांचीच नावे असतात. दहा हजार, पंधरा हजार, काही तीन-तीन वर्षांपूर्वीची. त्यांतल्या एकदोघांना बाळे झाली. बारशाच्या फोटोंसाठी त्यांनी याच फोटोग्राफरला फोन केला, आणि दर सांगितल्यावर म्हणाले, ‘अहो, जुने गिऱ्हाईक आहोत, काहीतरी कमी करा.’